तीन कोंबड्या, पंधरा अंडी : आयलीन पॉवर यांचं मध्ययुग



आज ज्या बाईंविषयी बोलायचं आहे त्यांचं नाव आपल्याकडे इतिहास घेऊन एम.ए. झालेल्यांच्याही कानावर क्वचितच पडलेलं असतं. आयलीन पॉवर. जन्म ९ जानेवारी १८८९, मृत्यू ८ ऑगस्ट १९४०. मध्ययुगीन इंग्लंडच्या आर्थिक आणि सामाजिक इतिहासाच्या अभ्यासक, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक. त्यांचं एक छोटेखानी पुस्तक १९२४ साली प्रसिद्ध झालं, ‘मिडीव्हल पीपल’, म्हणजे ‘मध्ययुगातली माणसं’. ते आजही छापलं जातं, वाचलं जातं. शंभर वर्षं टिकलेलं इतिहासाचं पुस्तक ही फार दुर्मीळ गोष्ट आहे, कारण इतिहासाची पुस्तकं साधारण पंचवीस-तीस वर्षांत जुनी होतात. नवी साधनं सापडतात आणि जुनं पुस्तक कपाटाच्या वरच्या फळीवर जातं.

माझा विषय तत्त्वज्ञान. इतिहासाच्या घरात मी पाहुणा. तरीही पॉवरबाई मी निवडल्या, त्या एका प्रश्नासाठी. सर्वसामान्य माणसासाठी इतिहास लिहिला की तो पातळ होतोच का? आपल्याकडे विद्यापीठात ‘लोकप्रिय’ हा शब्द शिवीसारखा वापरतात आणि विद्यापीठाबाहेर ‘विद्वत्तापूर्ण’ हा शब्द झोपेच्या गोळीसारखा. म्हणजे ज्याला कळतं तो सांगत नाही आणि जो सांगतो त्याला कळलेलं नसतं, अशी ही वाटणी आपण मान्यच करून टाकली आहे. ही वाटणी अटळ आहे का, हे एका माणसाच्या कामातून तपासून पाहायचं आहे.

तेव्हा चरित्र थोडं बाजूला ठेवू आणि आधी बोडोकडे जाऊ.

बोडो हा शेतकरी. पॅरिसजवळ सेंट जर्मेन नावाचा मोठा मठ होता, त्याच्या जमिनीवर तो राहत असे. काळ शार्लमेन बादशहाच्या अखेरीचा, म्हणजे नवव्या शतकाचा आरंभ. या मठाचा महंत, ॲबट म्हणतात त्याला, इर्मिनॉन नावाचा होता. त्याने मठाच्या साऱ्या जमिनींची एक खतावणी करवून घेतली. कुठल्या तुकड्यावर कोण राहतो, त्याची बायको कोण, पोरं किती, तो मठाला काय देणं लागतो. ही खतावणी शिल्लक आहे. आपल्याकडच्या जुन्या गावकागदांमध्ये सारा, पट्टी, वेठ यांच्या नोंदी सापडतात, त्याच जातीचं हे प्रकरण.

या खतावणीत बोडोची एक नोंद आहे. बायको एर्मन्ट्रूड, मुलं तीन. थोडी पिकाऊ जमीन, थोडा द्राक्षमळा, थोडं कुरण. त्याबद्दल तो देतो ते असं : लष्करासाठी दोन चांदीचे शिलिंग, रानात डुकरं चारू देतात म्हणून दोन पिंपं दारू, दर तिसऱ्या वर्षी कुंपणासाठी शंभर फळ्या आणि तीन खांब, मठाच्या शेतात हिवाळी पेरणीला ठरावीक नांगरट आणि वसंतातल्या पेरणीला त्याच्या निम्मी, दर आठवड्याला दोन वेठी आणि एक दिवस हातकाम, शिवाय तीन कोंबड्या आणि पंधरा अंडी.

बस, एवढंच. बोडोबद्दल जगाला माहीत असलेली जवळजवळ सगळी माहिती मी तुम्हाला मिनिटभरात सांगून टाकली. तो उंच होता की बुटका, रागीट होता की थंड, किती वर्षं जगला, काही ठाऊक नाही. कारकुनाने त्याच्याकडे पाहिलं ते येणं-बाकीच्या नजरेने.

पॉवरबाईंनी या नोंदीवर एक पूर्ण प्रकरण लिहिलं. वसंतातली एक सकाळ. बोडो पहाटे उठतो, कारण आज मठाच्या रानात नांगरायची पाळी आहे आणि कारभाऱ्याच्या भीतीने उशीर करायची सोय नाही. मोठा मुलगा बैल हाकायला बरोबर. इकडे एर्मन्ट्रूडही कामाला लागलेली आहे; आज कोंबडी आणि अंडी पोचती करायचा दिवस. घरी येऊन द्राक्षमळा, पोरांचं खाणं, मग लोकर विणणं. संध्याकाळी जेवण, आणि अंधार पडला की झोप. मग रविवार. सणाचे दिवस. पॅरिसबाहेरची सेंट डेनिसची जत्रा, तिथे दूरदेशचे व्यापारी. बगदादच्या हारून अल रशीदने बादशहाला भेट म्हणून हत्ती पाठवला होता, तो ८०२ साली आखेनला पोचला. असल्या बातम्या बोडोच्या कानापर्यंत आल्याच असणार.

आता इथे एखादा कडक इतिहासकार म्हणेल, “बाई, ही कादंबरी झाली. बोडो पहाटे उठला हे तुम्हाला कोणी सांगितलं?” आक्षेप रास्त आहे. आणि त्याला पॉवरबाईंच्या कामातच उत्तर आहे. प्रत्येक तपशिलामागे एक कागद आहे, फक्त तो बोडोचा नाही. बादशहाने आपल्या जमिनींच्या कारभाऱ्यांना दिलेल्या लेखी सूचना आहेत. त्यात बायकांच्या विणकामाच्या खोल्यांना काय माल पुरवायचा इथपर्यंत लिहिलेलं आहे. मधमाश्यांचं मोहोळ उडून जाऊ नये म्हणून म्हणायचे मंत्र सापडले आहेत, शेत पिकावं म्हणून म्हणायचे मंत्र आहेत. जुनी भूमिपूजा आणि वरून चढवलेलं ख्रिस्ती नाव, दोन्ही एकाच मंत्रात. धर्मसभांचे ठराव आहेत.

या ठरावांचा त्यांनी केलेला उपयोग मला फार आवडतो. चर्चच्या आवारात नाचू नये, वाह्यात गाणी म्हणू नयेत, असे ठराव धर्मसभांनी केले. एकदा केले, पुन्हा केले, शतकभराने परत केले. आता साध्या डोक्याचा वाचक म्हणेल, किती धार्मिक लोक, चर्चमध्ये नाचायला बंदी होती! पॉवरबाई म्हणतात, उलट. ज्याअर्थी पुन्हा पुन्हा बंदी घालावी लागली त्याअर्थी लोक नाचत होते. आपल्याला हे तर्कशास्त्र शिकवायला नको. ‘येथे थुंकू नये’ ही पाटी कुठे लावलेली असते? जिथे भिंत लाल झालेली असते तिथेच.

तर हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हेत. पॉवरबाईंच्याच वयाचा एक तत्त्वज्ञ होता, आर. जी. कॉलिंगवुड. जन्म त्याच वर्षी, १८८९, महिन्याभराने. ऑक्सफर्डमध्ये १९३५ साली त्याने ऐतिहासिक कल्पनाशक्ती या विषयावर व्याख्यान दिलं. सीझर एका दिवशी रोममध्ये होता आणि नंतरच्या एका दिवशी गॉलमध्ये होता असं साधनांत असेल, तर मधला प्रवास त्याने केला हे कुठेही लिहिलेलं नसताना आपण मानतोच. मानावंच लागतं. ही कल्पनाच आहे, पण ती मनमानी नाही. पुराव्याच्या खुंट्या ठोकलेल्या आहेत आणि त्यांच्यामधून सूत ओढलेलं आहे. सीझर वाटेत काय गुणगुणत होता हे सांगायला लागलात, की तुम्ही कादंबरीकार झालात. कॉलिंगवुडने जे तत्त्व म्हणून मांडलं ते पॉवरबाईंनी अकरा वर्षं आधी करून दाखवलं होतं, आणि तेही शाळेतल्या मुलाला समजेल अशा भाषेत. फरक एवढाच की कॉलिंगवुडचा सीझर थोर पुरुष, पॉवरबाईंचा बोडो पंधरा अंड्यांचा देणेकरी. थोरांच्या बाबतीत खुंट्या पुष्कळ असतात. बोडोच्या बाबतीत एकच खुंटी त्याची स्वतःची, बाकीच्या शेजारच्या भिंतींवरच्या. म्हणून हे काम जास्त कठीण.

माझी एक तक्रार आहे, ती इथेच सांगून टाकतो. त्यांचा बोडो जरा जास्त आनंदी आहे. त्याच्या नशिबी दुष्काळ फारसा येत नाही, कारभाऱ्याचा चाबूक लांबूनच दिसतो. शिवाय त्या खतावणीत बोडो तळाला नाही; त्याच्याहून बांधलेली, गुलामीच्या जवळची कुळंही तिथे आहेत. त्यांच्यातला एखादा घेऊन आणखी एक प्रकरण व्हायला हवं होतं. असो.

आता चरित्र. ते दोन ठिकाणी फार बोलकं आहे, बाकी झटपट सांगतो.

पॉवरबाईंचा जन्म मँचेस्टरजवळच्या ऑल्ट्रिंगहॅमचा. वडील शेअर दलाल. मुली लहान असतानाच त्यांनी पैशांची अफरातफर केली, तुरुंगात गेले. घरची प्रतिष्ठा गेली आणि पैसाही. आई क्षयाने १९०३ साली वारली. तिघी बहिणी, आयलीन थोरली, मग ऱ्होडा, मग बेरिल. मावशांनी त्यांना ऑक्सफर्डला वाढवलं. ज्या घरात पैशाने घात केला त्या घरातली मुलगी पुढे पैशाचा, व्यापाराचा इतिहास लिहिते, याचा अर्थ लावायचा मोह होतो, मी आवरतो. पण एक गोष्ट खरी : हिशेबाच्या वह्या रूक्ष असतात असं या बाईंना कधी वाटलं नाही.

केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात त्या शिकल्या आणि इतिहासाच्या परीक्षेच्या दोन्ही भागांत पहिल्या वर्गात आल्या. आता ऐका. पहिला वर्ग मिळाला, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिजमध्ये स्त्रियांना परीक्षेला बसता येई, निकालात नाव लागे, पदवी मात्र पुरुषांनाच. विद्यापीठाच्या मतदारांनी १९२१ साली पुन्हा एकदा नकार दिला. नावापुरती पदवी देऊ, सभासदत्व नाही, असा तोडगा निघाला. पूर्ण हक्क मिळाले ते १९४८ साली. तोवर पॉवरबाईंना जाऊन आठ वर्षं झाली होती.

पुढे पॅरिसला एक वर्ष, तिथे जुने दस्तऐवज वाचण्याचं शिक्षण. मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची शॉ शिष्यवृत्ती. ही शिष्यवृत्ती बर्नार्ड शॉ यांच्या पत्नी शार्लट यांनी स्त्रियांच्या संशोधनासाठी ठेवलेली. त्यानंतर आठ वर्षं गर्टनमध्ये अध्यापन, आणि १९२१ पासून अखेरपर्यंत लंडन. तिथे १९३१ साली आर्थिक इतिहासाच्या प्राध्यापक. मेक्लेनबर्ग स्क्वेअर या चौकात त्यांचं घर होतं. त्याच चौकात आर. एच. टॉनी राहत, ज्यांच्याबरोबर त्यांनी ट्यूडरकालीन आर्थिक कागदपत्रांचे खंड संपादित केले. त्यांच्या स्वयंपाकघरात नाचाच्या मेजवान्या होत. कपडे उत्तम, पॅरिसच्या फॅशनचे. विदुषी म्हटली की अंबाडा आणि मळकट शाल, ही समजूत फक्त आपल्याकडचीच आहे असं समजू नका. तिथल्याही लोकांना या बाई गोंधळात टाकत.

आता त्यांचं जडशीळ पुस्तक. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या जोगिणींच्या मठांवर, १९२२ साली आलेलं. सातशे पानांच्या आसपासचा ग्रंथ, ‘मिडीव्हल इंग्लिश ननरीज’. त्याचं मुख्य साधन म्हणजे बिशपांच्या तपासणीची दप्तरं. बिशप मठाला भेट देई, एकेका जोगिणीला एकटीला बोलावून विचारी, काही तक्रार? आणि कारकून लिहून घेई. आता कल्पना करा, पंचवीस-तीस बायका वर्षानुवर्षं एका आवारात, आणि अचानक कोणीतरी वरिष्ठ येऊन खाजगीत विचारतो, काही तक्रार? छप्पर गळतं. थोरल्या बाई एकट्याच चांगलंचुंगलं जेवतात. अमकी प्रार्थनेला उशिरा येते. तमकी कुत्री घेऊन चर्चमध्ये येते. तेराव्या शतकाच्या शेवटी पोपने फतवा काढला की जोगिणींनी मठाबाहेर पाऊल टाकू नये. लिंकनचा बिशप १३०० साली हा फतवा एका मठात वाचून दाखवायला गेला. वाचून परत निघाला तर जोगिणी त्याच्या मागे धावल्या आणि फतव्याची प्रत त्यांनी त्याच्या डोक्यावर फेकून मारली. हे बिशपच्याच दप्तरात आहे.

एवढा अभ्यास पाठीशी असल्यावर दोन वर्षांनी त्यांनी ‘मिडीव्हल पीपल’मध्ये चॉसरची मठाधिपतीण घेतली, मादाम एग्लेंटाइन. चॉसरच्या काव्यातली ही बाई नाजूक खाते, छोटी कुत्री पाळते, कँटरबरीच्या यात्रेला निघते. पॉवरबाई दप्तरं काढून शेजारी ठेवतात. कुत्री पाळायला बिशपांची बंदी. यात्रेला जायला बंदी. कपाळ उघडं टाकून पदर घ्यायला बंदी. म्हणजे चॉसर तिचं कौतुक करतोय असं आज वाटतं, पण त्या काळच्या श्रोत्याला ओळीओळीला हसू फुटत असणार. कवितेतला विनोद दप्तराशिवाय कळत नाही आणि दप्तरातली बाई कवितेशिवाय दिसत नाही. सातशे पानांचा ग्रंथ आणि वीसेक पानांचं प्रकरण यांचं नातं हे असं आहे. ग्रंथाची पाकिटातली छोटी आवृत्ती काढली, असं ते नव्हे.

पुस्तकात एकूण सहा माणसं. बोडो आणि मादाम आल्या. मार्को पोलो. पॅरिसचा एक साठीच्या घरातला गृहस्थ, ज्याने १३९३ च्या सुमाराला आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोसाठी संसाराचं पुस्तक लिहिलं. प्रार्थना कशी करावी, बाग कशी लावावी, पिसवा कशा घालवाव्यात, कुठला रस्सा कसा करावा. आणि हे सगळं का शिकायचं? तर मी तुझ्याआधी मरणार, तू पुन्हा लग्न करशील, आणि तुझ्या दुसऱ्या नवऱ्याने मला नावं ठेवू नयेत म्हणून! या गृहस्थाचं ते पुस्तक पॉवरबाईंनी १९२८ साली इंग्रजीत आणलं.

शेवटची दोन माणसं मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहेत. टॉमस बेट्सन हा पंधराव्या शतकातला लोकरीचा व्यापारी. इंग्लंडची कच्ची लोकर कॅलेला नेऊन विकणारा. त्याचं लग्न ठरलेलं आहे एका लहान मुलीशी, कॅथरिनशी, आणि तो तिला पत्र लिहितो की नीट जेव, म्हणजे लवकर मोठी होशील. दुसरा टॉमस पेकॉक, एसेक्समधल्या कॉग्शल गावचा कापडवाला, मृत्यू १५१८. याचं कोरीव लाकडी तुळयांचं घर अजून उभं आहे. वाचताना आपल्याला एक प्रेमळ माणूस आणि एक सधन माणूस दिसतो. पण दोघांना शेजारी ठेवा. एक कच्चा माल बाहेर नेतो. दुसरा तोच माल घरी ठेवून त्याचं कापड करतो. इंग्लंड लोकर विकणारा देश राहिला नाही, कापड विकणारा झाला. त्याचं एक मोठं कारण करात होतं. राजांना फ्रान्सशी लढायला पैसा हवा, म्हणून लोकरीच्या निर्यातीवर जबर जकात. कापडावर मात्र हलकी. साहजिकच परदेशी विणकराला इंग्रजी लोकर महाग पडू लागली आणि घरच्या विणकराला स्वस्त. कोणी योजना आखून उद्योग उभारला नाही. युद्धखर्चाच्या ओढाताणीतून तो उभा राहिला. हा सिद्धांत पॉवरबाईंनी ऑक्सफर्डच्या फोर्ड व्याख्यानांत १९३९ साली रीतसर मांडला, १९४१ साली, त्यांच्या मागे, तो पुस्तकरूपाने आला. आर्थिक इतिहासाचे विद्यार्थी ते वाचतात. पण त्याची कथा पंधरा वर्षं आधी दोन टॉमसच्या रूपाने सामान्य वाचकाने वाचलेली होती.

म्हणून सुरुवातीच्या प्रश्नावर माझं मत असं बनलं आहे. लोकांसाठी लिहिताना पातळ होतो तो सिद्धांत नव्हे. सिद्धांत मुळातच नसला की पातळ होतं. नुसत्या गमतीजमती गोळा केल्या तर बेट्सनचं पत्र ही गंमत राहते. आपल्याकडे त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ हे १९१५ चं पुस्तक घ्या. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, सगळी ओळखीची माणसं. पण प्रत्येकाच्या मागे कोण कोणावर जगतो हा हिशेब आहे, म्हणून ते टिकलं.

लोकांसाठी लिहायची ही निकड पॉवरबाईंना आली कुठून? पहिल्या महायुद्धातून. त्यांच्या पिढीचे तरुण खंदकांत मेले, आणि त्यांनी शाळेत इतिहास शिकलेला होता तो आपले राजे आणि आपल्या लढाया, एवढाच. युद्धानंतर लगेच त्यांनी लिहायला सुरुवात केली की मुलांना दुसऱ्या देशांच्या माणसांची ओळख करून द्या. लढाया वेगवेगळ्या असतात, पण नांगरणं, विणणं, बाजार करणं सगळीकडे सारखं, आणि एका देशाची लोकर दुसऱ्या देशाच्या मागावर जाते. म्हणजे त्यांच्या दृष्टीने आर्थिक इतिहास हा शांततेचा इतिहास होता. १९२०-२१ मध्ये आल्बेर कान या फ्रेंच बँकरच्या प्रवासवृत्तीवर त्या जगप्रवासाला निघाल्या. हिंदुस्थान, चीन, जपान पाहिले. ज्या हिवाळ्यात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात असहकाराचा ठराव पक्का झाला, त्याच हिवाळ्यात त्या हिंदुस्थानात होत्या. चीनवर त्यांचा फार जीव जडला. त्यांचा मार्को पोलो वाचताना ते जाणवतं. तिथे युरोप हा जगाच्या कोपऱ्यातला गरीब भाग आहे आणि खरी श्रीमंत शहरं पूर्वेला आहेत.

धाकटी बहीण ऱ्होडा क्रांतीच्या वेळी रशियात होती, परत आली ती लेखिका होऊन. दोघींनी मिळून ‘बॉइज अँड गर्ल्स ऑफ हिस्टरी’ हे मुलांसाठीचं पुस्तक १९२६ साली काढलं. पुढे बीबीसीच्या शालेय कार्यक्रमांतून दोघी बोलू लागल्या. नभोवाणी त्या वेळी नवीन. वर्गात एक पेटी आणि तिच्यातून आवाज. मुलाला पान मागे उलटता येत नाही, हात वर करून विचारता येत नाही. प्राध्यापकाला याहून कठोर परीक्षा नाही, हे तुम्ही माझ्याकडून घ्या. त्याच काळात विद्यापीठातल्या त्यांच्या चर्चासत्रात सीमाशुल्काच्या कोरड्या नोंदींवर तासन्‌तास खल चालत असे, आणि आर्थिक इतिहास संस्थेचं नियतकालिक उभं करण्यातही त्या होत्या. एकीकडे पेटीतला आवाज, दुसरीकडे जकातीचे आकडे. एकाने दुसऱ्याचं काही बिघडलं नाही.

आणि मग १९३८. सप्टेंबरात म्युनिकचा करार झाला. चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला देऊन शांतता विकत घेतली. त्या हिवाळ्यात पॉवरबाईंनी केंब्रिजमध्ये एक निबंध वाचला, अंधारयुगाच्या आदल्या संध्याकाळविषयी. विषय रोमन गॉल, चौथं-पाचवं-सहावं शतक. तिथले सुखवस्तू, सुशिक्षित लोक. बोर्डोचा कवी आणि प्राध्यापक ऑसोनियस, ज्याला नदीतल्या माशांवर कविता सुचते. ओव्हेर्न्यचा जमीनदार सिडोनियस : सुंदर वाडा, स्नानगृह, ग्रंथालय, चेंडूचे खेळ, मित्रांना घोटीव पत्रं. सीमेवरून टोळ्या आत येत आहेत आणि पत्रांतून मेजवानीची वर्णनं. बाईंचा प्रश्न सरळ आहे : या हुशार लोकांना दिसलं कसं नाही? उत्तरं त्यांनी दिली आहेत. रोम नष्ट होऊ शकतं ही कल्पनाच त्यांना शिवली नाही. सुखसोयी होत्या त्यालाच ते संस्कृती समजले. आणि त्यांचं शिक्षण असं होतं की जुन्या कवींचे शब्द घोटवून घ्यायचे आणि समोरच्या जगाकडे पाहायचं नाही. हे तिसरं कारण केंब्रिजच्या प्राध्यापकांसमोर उभं राहून सांगितलं आहे, हे ध्यानात घ्या.

सिडोनियस पुढे क्लेर्मोंचा बिशप झाला. व्हिजिगॉथांनी शहराला वेढा घातला तेव्हा त्याने आणि गावकऱ्यांनी झुंज दिली. आणि मग ४७५ साली रोमच्या सम्राटाने प्रोव्हाँस वाचवण्यासाठी ओव्हेर्न्य परस्पर गॉथांना देऊन टाकलं. ज्यांनी टिकाव धरला त्यांनाच दिलं. म्युनिकनंतर दोन-तीन महिन्यांत हे ऐकणाऱ्याला नकाशा समोर धरायची गरज नव्हती.

मला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून हा निबंध अस्वस्थ करतो. ऐतिहासिक साम्य दाखवणं हा फार घसरडा व्यवहार आहे. गॉथ म्हणजे नाझी नव्हेत. त्या टोळ्यांपैकी पुष्कळांना रोमचा नाश नको होता, रोममध्ये जागा हवी होती. साम्य दाखवणारा मनुष्य आधी आजचा निष्कर्ष ठरवतो आणि मग त्याला जुना पोशाख शिवतो. आपल्याकडे तर या शिवणकामाचा धंदाच जोरात आहे. बोडोच्या प्रकरणातली पॉवरबाईंची शिस्त इथे सैल झाली आहे असं माझं मत आहे. तरीही हा निबंध मी त्याज्य मानत नाही. त्यात त्या गॉथांविषयी फार बोलतच नाहीत. बोलतात त्या ऑसोनियसविषयी, म्हणजे आपल्यासारख्यांविषयी. शत्रूचं साम्य दाखवणं सोपं आणि बहुधा खोटं असतं. स्वतःच्या आंधळेपणाचं साम्य दाखवायला इतिहासकार सहसा तयार नसतो. त्यांनी ते केलं, आणि ज्यांच्यात उठबस होती त्यांच्यासमोर केलं.

या सगळ्याच्या आधी, १९३७ च्या डिसेंबरात, त्यांनी लग्न केलं होतं. मायकेल पोस्टन, त्यांचेच एके काळचे विद्यार्थी, वयाने दहा वर्षांनी लहान, बेसारेबियातून आलेले. स्वतः मोठे इतिहासकार झाले. युद्ध सुरू झाल्यावर लंडन स्कूलच केंब्रिजला हलवलं गेलं. ज्या विद्यापीठाने पदवी दिली नव्हती त्याच गावात त्या पुन्हा शिकवू लागल्या. सर जॉन क्लॅपहॅम यांच्याबरोबर ‘केंब्रिज इकॉनॉमिक हिस्टरी ऑफ युरोप’च्या पहिल्या खंडाचं संपादन चालू होतं, युरोपभरच्या अभ्यासकांकडून प्रकरणं मागवलेली; त्यांतले एक मार्क ब्लॉक. फ्रान्स पडला. ८ ऑगस्ट १९४० रोजी लंडनमध्ये त्यांना अचानक हृदयविकाराचा झटका आला आणि त्या गेल्या. वय ५१. खंड १९४१ मध्ये निघाला, क्लॅपहॅम आणि पॉवर अशी नावं घेऊन. ब्लॉक प्रतिकार चळवळीत गेले, १९४४ च्या जूनमध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या.

त्यानंतर पॉवरबाईंचं नाव मागे पडलं. पोस्टन यांची कीर्ती वाढत गेली. विद्यापीठांत आकडेवारीचे दिवस आले. त्यांची मध्ययुगीन स्त्रियांवरची व्याख्यानं पोस्टन यांनी १९७५ साली छापली. मॅक्सिन बर्ग यांनी लिहिलेलं चरित्र १९९६ साली आलं, तेव्हा कुठे अभ्यासकांना कळलं की या विषयाची पायाभरणी करताना कोणकोणते दगड या बाईंनी वाहिले होते. वाचकांना मात्र त्या कधीच अपरिचित झाल्या नव्हत्या. ‘मिडीव्हल पीपल’च्या आवृत्त्या निघतच होत्या.

तुमच्यापैकी कोणाला वाचायचं असेल तर एक सूचना. १९६३ च्या आवृत्तीपासून १९३८ चा तो निबंध पुस्तकात पहिलं प्रकरण म्हणून घातला आहे. कालक्रमाने ते बरोबर असेल, पण बाईंनी स्वतः छापलेल्या पुस्तकाची सुरुवात ती नव्हे. तेव्हा आधी दुसरं प्रकरण काढा, बोडोचं. रोमन मंडळींकडे नंतर या.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.